लक्ष परत मिळतं

संगणकाच्या पडद्यावर एकामागून एक छायाचित्रं उमटत जातात. एक विरतं न विरतं तोच त्यातून दुसरं वर येतं. बहुतेक शहरांची, मधूनच एखादं डोंगराचं. शहर दिसलं की बटण दाबायचं, डोंगर दिसला की हात आवरायचा. काम एवढंच. सुरुवातीला कुणीही ते बिनचूक करतं. थोड्या वेळानं मन भरकटतं, बोट मात्र सवयीनं चालत राहतं आणि समोर डोंगर असतानाही बटण दाबलं जातं. एखाद्या कंटाळवाण्या कामावर माणूस किती वेळ मन लावून राहू शकतो, हे मानसशास्त्रज्ञ या चाचणीवरून मोजतात. एका वयानंतर ही क्षमता उतरत जाते आणि दहा वर्षांत ती साधारण किती उतरते, याचा अंदाजही त्यांच्यापाशी आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘पीएनएएस नेक्सस’ या शोधपत्रिकेत या चाचणीचा आधार घेणारा एक निबंध आला. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचे नोआ कॅस्टेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४६७ प्रौढांना आपल्या फोनवरचं इंटरनेट दोन आठवडे बंद ठेवायला सांगितलं होतं. त्यांचं सरासरी वय होतं ३२. फोन कुणाचाही काढून घेतला नव्हता. बोलता येत होतं, एसएमएस पाठवता येत होता, घरी किंवा कचेरीत लॅपटॉपवर इंटरनेट वापरायलाही आडकाठी नव्हती. थांबलं ते फक्त खिशातलं इंटरनेट.

लोकांचे दोन गट केले होते, एकावर बंदी आधी आली, दुसऱ्यावर नंतर. ज्यांच्या फोनवर आधी बंदी आली, त्या गटाचा फोनवरचा वेळ दिवसाला सरासरी ३१४ मिनिटांवरून १६१ मिनिटांवर आला. दोन आठवड्यांनी शहर-डोंगराची चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा वयामुळे दहा वर्षांत जेवढी घसरण होते साधारण तेवढी सुधारणा दिसली. लक्ष, मनःस्वास्थ्य आणि आयुष्याबद्दलचं समाधान या तिन्हींपैकी निदान एका बाबतीत ९१ टक्के लोकांना फायदा झाला. मोकळा झालेला वेळ त्यांनी माणसांना भेटण्यात, व्यायामात आणि घराबाहेर घालवला होता. झोपही थोडी वाढली होती.

या प्रयोगाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. भाग घेणारे लोक फोन कमी करायला मनानं तयार होते, त्यामुळे ते सगळ्या समाजाचे प्रतिनिधी ठरत नाहीत. आपल्यावर प्रयोग चालू आहे हे त्यांना माहीत होतं, कारण इंटरनेट गुपचूप बंद करता येत नाही. आणि मनापासून तयार असलेल्या या मंडळींपैकीसुद्धा जेमतेम पाव लोकांनाच नियम नीट पाळता आला. बाकीच्यांचं इंटरनेट अधूनमधून सुरू होत राहिलं, किंवा बंद झालंच नाही.

तरी या प्रयोगाचं मोल मोठं आहे. फोन आणि बुद्धी यांच्याविषयीचे बहुतेक अभ्यास फोन जास्त वापरणारे आणि कमी वापरणारे यांची तुलना करून थांबतात. मूळचंच चंचल मन फोनकडे धावतं की फोनमुळे मन चंचल होतं, हे त्यातून कळत नाही. इथे फोन बदलला आणि त्यापाठोपाठ मन बदललं. तेही पंधरवड्यात आणि तिशीतल्या माणसांचं.

महाराष्ट्रात मोबाइलची चर्चा निघाली की ती मुलांवर जाऊन थांबते. मुलगा अभ्यास करत नाही, मुलगी रील्समधून डोकं वर काढत नाही, बाळ मोबाइल दाखवल्याशिवाय घास घेत नाही. ही काळजी खोटी नाही. पण तो मोबाइल बाळापुढे धरणारा हात मोठ्या माणसाचा असतो, आणि मोठ्या माणसाचं स्वतःचं काय चाललंय हा प्रश्न घरात कुणी विचारत नाही. मीटिंग चालू असताना टेबलाखाली फोन चाळणारे अधिकारी, रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलता बोलता पडद्याकडे बघणारे डॉक्टर, वह्या तपासताना दर पाच मिनिटांनी व्हॉट्सअॅप उघडणारे शिक्षक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. या लोकांच्या विचारशक्तीवर इतरांचं बरंच काही अवलंबून असतं.

या चर्चेत एक भयंकर शब्द रुळला आहे: ‘डिजिटल डिमेन्शिया’. तो दक्षिण कोरियात वापरात आला आणि मानफ्रेड श्पिट्झर या जर्मन मनोविकारतज्ज्ञांनी २०१२ मध्ये त्याच नावाचं पुस्तक लिहिल्यावर जगभर गेला. फोनमुळे मेंदू कायमचा दुबळा होतो, तरुणपणीच म्हाताऱ्यांसारखा विसराळूपणा येतो, असा त्याचा रोख. फॉरवर्ड होत फिरणाऱ्या आरोग्यविषयक मजकुरात हा शब्द अधूनमधून डोकावतो. प्रौढांच्या बाबतीत या दाव्याला आधार फार कच्चा आहे. फोनमुळे माणसाचं लक्ष जातं, याचे पुरावे मात्र बरेच पक्के आहेत. या दोन गोष्टींची गल्लत झाली की एक तर उगाच घबराट होते, नाहीतर ‘काही होत नाही हो’ म्हणून सगळंच उडवून लावलं जातं.

लक्ष जातं म्हणजे नेमकं काय होतं? बुद्धीचं बरंचसं काम ज्या जागेत चालतं, तिला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात. तिची गत स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी असते. फडताळात डबे कितीही असोत, ओट्यावर एका वेळी मावतं तेवढंच हाताशी राहतं. बोलणाऱ्याचं वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात ध्यानात ठेवणं, मनातल्या मनात हिशेब करणं, दोन बाजू तोलून निर्णय घेणं, हे सगळं त्या एवढ्याशा जागेत होतं.

२०१७ मध्ये ऑस्टिन इथल्या टेक्सास विद्यापीठाचे एड्रियन वॉर्ड आणि सहकारी यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सुमारे ८०० लोकांना त्यांनी कार्यस्मृतीच्या आणि तर्काच्या चाचण्या दिल्या. काहींचा फोन समोर टेबलावर पालथा, काहींचा खिशात किंवा पिशवीत, काहींचा दुसऱ्या खोलीत. फोन वाजणार नाही अशी व्यवस्था केलेली. ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता, त्यांना सर्वांत चांगले गुण मिळाले. फोनकडे बघायचं नाही, एवढ्या एका निश्चयातही मनाची थोडी शक्ती खर्ची पडते, असा निष्कर्ष निघाला आणि तो जगभर गाजला.

पुढची हकिगत मात्र फारशी कुणी छापली नाही. इतर संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा अनेकांना तो परिणाम सापडला नाही. कॅनडातल्या वेस्टर्न विद्यापीठातल्या दोघांनी २०२२ मध्ये तसं स्पष्ट नोंदवलं. पुढे असे बरेच प्रयोग एकत्र करून पाहिले गेले, त्यांतही निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. परिणाम असलाच तर लहान आहे, इतकंच म्हणता येतं. त्यामुळे ‘नुसता फोन जवळ असला तरी बुद्धी कमी होते’ हे वाक्य आज छातीठोकपणे म्हणता येत नाही.

फोन वाजला की काय होतं, याविषयी अशी शंका उरत नाही. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात २०१५ मध्ये झालेल्या प्रयोगात लोक लक्ष लागणारं एक काम करत होते आणि मधूनच त्यांच्या फोनवर कॉल किंवा संदेश येत होता. त्यांनी फोन हातातही घेतला नाही. तरी त्यांच्या चुका वाढल्या. कुणाचा असेल, काय असेल, हा विचार सुरू व्हायला आवाज पुरेसा होता. सोफी लिरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये दाखवलेली गोष्ट याच्या जोडीला ठेवावी. एक काम अर्धवट टाकून माणूस दुसऱ्याकडे वळला तरी मनाचा काही भाग आधीच्या कामात अडकून राहतो, आणि नवीन कामाला उरलेलं मन मिळतं. दिवसातून पन्नासदा फोन उघडणाऱ्याच्या वाट्याला दिवसभर हे उरलेलंच मन येतं.

ग्लोरिया मार्क या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या केंद्रात वीस वर्षांहून अधिक काळ हेच मोजत आल्या आहेत. सुरुवातीला त्या हातात स्टॉपवॉच घेऊन नोकरदारांच्या मागे उभ्या राहत. २००४ मध्ये माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता. २०१२च्या सुमारास ७५ सेकंद. अलीकडच्या मोजण्यांत ४७ सेकंद. या आकड्यांपेक्षा त्यांचं दुसरं निरीक्षण जास्त विचारात पाडणारं आहे. बाहेरून येणारे व्यत्यय जेवढे, जवळपास तेवढेच व्यत्यय माणूस स्वतःच स्वतःला आणतो. कुणी हाक मारलेली नसते, फोन वाजलेला नसतो, तरी हात तिकडे जातो.

आणि तो गेल्याचं कळतही नाही. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या सॅली अँड्र्यूज आणि सहकारी यांनी २३ जणांच्या फोनमध्ये नोंद ठेवणारं अॅप घातलं. माणसं कमी, पण निकाल ठळक. दिवसाला सरासरी ८५ वेळा फोन वापरला गेला, एकूण सुमारे पाच तास. स्वतःच्या अंदाजानं त्यांनी सांगितलेली संख्या साधारण निम्मी होती. ‘मी एवढा काही बघत नाही’ असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच ठाऊक नसतं. आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींनी २०१८ मध्ये वापराचा हिशेब दाखवायची सोय आणली. तो हिशेब घरातल्या कर्त्या माणसांनी एकदा उघडून पाहावा, एवढी सूचना या ठिकाणी करावीशी वाटते.

स्मरणशक्तीची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्याविषयी मराठी घरांत हळहळ सर्वांत जास्त. पूर्वी पावकी-निमकी तोंडपाठ असायची, नातेवाइकांचे फोन नंबर, वाढदिवस, गावाकडच्या एसटीच्या वेळा डोक्यात असायच्या. आता स्वतःच्या बायकोचा नंबर सांगता येत नाही, असं सर्रास ऐकू येतं. २०११ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की माहिती संगणकात जपून राहणार आहे असं वाटलं की लोक ती कमी लक्षात ठेवतात. याला ‘गूगल परिणाम’ असं नाव पडलं. २०१८ मध्ये नामांकित नियतकालिकांतले २१ प्रयोग तपासून पाहण्याचा मोठा उपक्रम झाला, त्यात याच निबंधातला एक प्रयोग पुन्हा जमला नाही. तेव्हा इथेही जपूनच बोललं पाहिजे.

उलट लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले सॅम गिल्बर्ट आणि सहकारी यांनी २०२२ मध्ये १५८ जणांवर केलेला प्रयोग फोनच्या बाजूनं साक्ष देतो. महत्त्वाच्या गोष्टी उपकरणात नोंदवून ठेवायची मुभा दिली, तेव्हा लोकांच्या त्या गोष्टी चुकल्या नाहीत, शिवाय नोंदवून न ठेवलेल्या किरकोळ गोष्टीही त्यांना जास्त आठवल्या. डोक्यावरचं ओझं उतरल्यानं जागा मोकळी झाली होती. मात्र उपकरण काढून घेतल्यावर नोंदवलेल्या महत्त्वाच्या गोष्टीच जास्त विसरल्या गेल्या. नंबर पाठ नसणं हे त्यामुळे बुद्धी गेल्याचं लक्षण मानायला नको. पावकी विसरलेला माणूस त्या जागी दुसरं काही विचारपूर्वक करत असेल, तर त्यात नुकसान नाही. तो काय करतो, हा खरा प्रश्न आहे.

एक अपवाद मात्र आहे, रस्त्यांचा. लंडनमध्ये काळी टॅक्सी चालवायची तर चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५,००० रस्ते पाठ करून कडक परीक्षा द्यावी लागते. त्या तयारीत अनेक वर्षं जातात. एलिनॉर मग्वायर यांनी २००० मध्ये अशा १६ चालकांच्या मेंदूचे फोटो घेतले. ठिकाणं आणि आठवणी जपणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा निघाला. हे आधीपासून तसं होतं की अभ्यासानं झालं, हे ठरवायला त्यांनी पुढे उमेदवारांना परीक्षेच्या आधी आणि नंतर तपासलं. जे उत्तीर्ण झाले, त्यांच्यातच ती वाढ दिसली. तयारीनं प्रौढ मेंदू बदलतो, हे त्यातून सिद्ध झालं. उलट दिशेचा प्रश्न मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या लुईझा दाहमानी आणि व्हेरोनिक बोहबो यांनी घेतला. २०२० मध्ये त्यांनी ५० वाहनचालकांचा अभ्यास मांडला. आयुष्यभरात जीपीएस जास्त वापरलेल्यांना नकाशाविना वाट काढणं जड जात होतं. त्यांतल्या १३ जणांना तीन वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा या काळात ज्यांनी जीपीएस जास्त वापरला त्यांची घसरण जास्त होती. तेरा हा आकडा फार छोटा आहे. पण पुण्यात वा ठाण्यात रोज त्याच रस्त्यानं जाऊनही पडद्यावरची निळी रेघ बघितल्याशिवाय गाडी काढू न शकणारी माणसं पाहिली, की हा निष्कर्ष परका वाटत नाही. वाट शोधणं ही वापरानं टिकणारी शक्ती आहे, आणि ती टिकवायला ओळखीच्या रस्त्यावर नकाशा बंद ठेवणं पुरतं.

सर्वांत जास्त चिंता वाचनाची करायला हवी, असं या लेखाचं मत आहे.

२००० ते २०१७ या काळातले ५४ अभ्यास एकत्र करून स्पेनच्या पाब्लो देल्गादो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये त्यांचं सार काढलं. त्यांत १,७०,०००हून अधिक वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना तो जास्त समजला होता, वेळेचं बंधन असलं की हा फरक वाढत होता. निव्वळ गोष्ट वाचताना तो दिसला नाही. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली. पडद्यासोबत वाढलेल्या पिढ्यांत हा फरक कमी होत जाईल अशी अपेक्षा होती; प्रत्यक्षात तो वर्षागणिक वाढत गेला. पडद्यावर माणूस भरभर सरकतो, आणि आपल्याला समजलंय असं त्याला जास्त वाटतं.

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं मराठी घरांनी दिवाळीच्या सुट्टीत वीस-वीस पानांचे लेख बसल्या बैठकीला वाचले. अशा वाचनात माणूस नुसती माहिती घेत नाही. लेखकाचा एक मुद्दा डोक्यात धरून तो दुसऱ्यापाशी जातो, पटलं नाही तर मागे येतो, शेवटी स्वतःचं मत बनवतो. हा विचाराचा सराव आहे, आणि चाळीस सेकंदांच्या रीलमध्ये तो होत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये ओईसीडी या संघटनेनं ३१ देशांतल्या सुमारे १,६०,००० प्रौढांची वाचन, गणन आणि समस्या सोडवण्याची क्षमता तपासून अहवाल प्रसिद्ध केला. भारत त्यात नाही. आधीच्या फेरीशी तुलना करता बहुतेक देशांत वाचनक्षमता घटली होती किंवा जागच्या जागी थांबली होती. हा अहवाल हाती येताच अनेकांनी फोनकडे बोट दाखवलं. ते घाईचं होतं. लोकसंख्येचं वाढतं वय आणि स्थलांतर ही कारणंही त्यात आहेत. मुख्य म्हणजे फिनलंड आणि डेन्मार्क या दोन देशांत प्रौढांची वाचनक्षमता लक्षणीय वाढली, आणि त्या दोन्ही देशांत स्मार्टफोन घरोघरी आहेत. फोन हातात असूनही समाज वाचनात पुढे जाऊ शकतो, हे त्यावरून नक्की म्हणता येतं.

आता ज्येष्ठांकडे वळावं. सत्तरीतल्या आजोबांनी फोन शिकावा की त्यापासून लांब राहावं? टेक्सासमधले जॅरेड बेंज आणि मायकल स्कलिन यांनी २०२५ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये ५७ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण मांडलं. ४,११,४३० माणसं, सरासरी वय ६८.७. संगणक, इंटरनेट, स्मार्टफोन वापरणाऱ्यांमध्ये बोधनक्षमता, म्हणजे विचाराची आणि स्मरणाची शक्ती, ढासळण्याचा धोका ५८ टक्क्यांनी कमी होता. शिक्षण, उत्पन्न आणि आरोग्य यांचा हिशेब धरूनही संबंध टिकला. ज्यांचं डोकं शाबूत असतं तेच फोन शिकतात, ही शक्यता अशा अभ्यासात पूर्ण पुसता येत नाही. पण ‘डिजिटल डिमेन्शिया’ खरा असता, तर आकडे उलटे यायला हवे होते. परदेशी असलेल्या नातवाशी व्हिडिओवर बोलणारी, स्वतः तिकीट काढणारी, भजनी मंडळाचा ग्रुप चालवणारी आजी नवीन काही शिकते आहे, माणसांत आहे. तिच्या हातून फोन काढून घेऊ नये. तिच्या फोनवर फसवणुकीचे कॉल येतात, त्याची खबरदारी घ्यावी.

म्हणजे तोच फोन एकाला शिकवतो आणि दुसऱ्याला विस्कटतो. फरक वापराच्या पद्धतीत असला तरी ती पद्धत सगळी माणसाच्या हाती ठेवलेली नाही. पान खाली सरकवत राहिलं की मजकूर संपतच नाही, ही युक्ती एझा रॅस्किन यांनी २००६ मध्ये बनवली. पुढे तिच्या परिणामांबद्दल त्यांनीच जाहीरपणे खेद व्यक्त केला. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपची मालक असलेल्या मेटा कंपनीचं २०२४ चं उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होतं आणि ते जवळजवळ सगळं जाहिरातींतून आलं. माणूस जितका वेळ पडद्यापुढे, तितक्या जाहिराती. भारतात ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि डेटाचे भाव कोसळले. आज मोबाइल डेटा वापरणारा भारतीय माणूस महिन्याला सरासरी २० जीबीहून अधिक डेटा वापरतो. इतक्या कमी वर्षांत इतक्या मोठ्या लोकसंख्येच्या दिनक्रमात असा बदल क्वचितच झाला असेल. तेव्हा एकट्या माणसाला ‘मन आवर’ म्हणून सांगणं अन्यायाचं आहे. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला हजारो अभियंते.

एकट्यानं करण्यासारखे काही उपाय प्रयोगांतून तपासले गेले आहेत. नोटिफिकेशन दिवसातून तीनदा एकगठ्ठा येतील अशी व्यवस्था केली, तेव्हा लोकांना आपलं लक्ष आणि कामाचा उरक वाढल्यासारखं वाटलं. मात्र सगळ्या नोटिफिकेशन बंद केल्यावर काहीतरी चुकत असल्याची धास्ती वाढली. नॉर्थ डकोटा विद्यापीठात १६१ विद्यार्थ्यांचे अनुभव तपासले, तेव्हा फोनचा पडदा कृष्णधवल केलेल्यांचा वापर दिवसाला सुमारे ३८ मिनिटांनी घटला. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करणाऱ्या कित्येक तरुण-तरुणींनी कुणी न सांगता बटणांचा साधा फोन घेतला आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात फोन पहिल्याच दिवशी जमा करावा लागतो. आणि ज्यांना हे आपल्या आवाक्याबाहेरचं वाटतं, त्यांच्यासाठी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरावर उपचार करणारं ‘शट’ क्लिनिक चालू आहे.

पण कॅस्टेलोंच्या प्रयोगात तीन चतुर्थांश लोक का टिकले नाहीत, याचा विचार केला की एकट्याच्या उपायांची मर्यादा कळते. बाकी सगळं जग फोनवर असताना एकटा माणूस बाजूला झाला, की त्याची कामं अडतात, तो मित्रांच्या बेतांतून गळतो.

सगळे मिळून बाजूला झाले तर ही अडचण उरत नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. २०२२च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावानं ठरवलं, की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग सुरू. कारण मुलांचं होतं. कोरोनाच्या काळात शाळा फोनवर आली, शाळा पुन्हा भरली तरी फोन हातातून सुटला नाही. सरपंच विजय मोहिते यांनी कल्पना मांडली तेव्हा पुरुष मंडळींनी ती हसण्यावारी नेली. मग महिलांना एकत्र बोलावलं. मालिका बघण्यात आपलाही बराच वेळ जातो हे त्यांनी मान्य केलं आणि गावानं बंद पाळायला त्या राजी झाल्या. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी समजावत फिरले. या गावाचं शहाणपण असं, की नियम मुलांपुरता ठेवला नाही. भोंगा वाजला की बापाचाही फोन बंद. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावानं अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलबंदी केली होती; मोठ्यांना त्यात सूट होती. दोन्हींत वडगावची वाट बरी.

जपानमधल्या आयची प्रांतातलं तोयोआके शहर सुमारे ६९,००० वस्तीचं. तिथे १ ऑक्टोबर २०२५ पासून एक अध्यादेश लागू आहे: कामाचा किंवा अभ्यासाचा वेळ सोडून स्मार्टफोन दिवसाला दोन तासांच्या आत वापरावा. तो लहान-मोठ्या सगळ्यांना लागू आहे. दंड नाही, सक्ती नाही. प्रस्ताव आला तेव्हा खूप टीका झाली, तरी नगरसभेनं तो मंजूर केला. प्रौढांच्या लक्षाविषयी नगरपालिकेनं भूमिका घ्यावी, ही गोष्टच नवी आहे.

आपल्याकडे नोकरदार माणसाच्या फोनवरचा मोठा बोजा मात्र रील्सचा नसतोच. तो कामाच्या ग्रुपचा असतो. शिक्षकांना रात्री दहाला माहितीचे तक्ते मागवणारा ग्रुप, बँकेतल्या माणसाला रविवारी उद्दिष्टाची आठवण करून देणारा ग्रुप, आयटीतल्या मुलीला जेवताना येणारा ‘एक मिनिट बघ ना’ असा संदेश. हे लोक फोन बाजूला ठेवू शकत नाहीत, कारण उत्तर न देणं महागात पडतं. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क न करण्याविषयी कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात असा हक्क ऑगस्ट २०२४ पासून कायद्यात आहे. भारतात बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी या हक्काचं खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं आणि २०२५च्या डिसेंबरात पुन्हा मांडलं. खासगी विधेयकांचा कायदा क्वचितच होतो.

तोवर थांबायचं कारण नाही. ज्या मुख्याध्यापकांच्या, शाखाधिकाऱ्यांच्या, व्यवस्थापकांच्या आणि साहेबांच्या हातात असा एखादा ग्रुप आहे, त्यांनी संध्याकाळी सातनंतर त्यावर काही टाकू नये, आणि तातडीचं असेल तर सरळ फोन करावा. याला ना कायदा लागतो ना पैसा. या दिवाळीच्या सुट्टीपासून सुरुवात करता येईल.